फुटलेला रांजण

परवा माळा आवरायला काढला. जुन्या पितळी डब्यांच्या मागे चिनीमातीच्या बरणीचं एक झाकण सापडलं. नुसतं झाकण, बरणी नाही. सून म्हणाली, "आई, टाकून देऊ का?" मी म्हटलं, राहू दे. मग तिला सगळी गोष्ट सांगावी लागली. तीच आज इथे लिहिते आहे, कारण त्या गोष्टीला मध्यंतरी एक वेगळीच शेपूट फुटली आहे.

आमच्या घरातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, 1983 साली ह्यांची बदली झाली आणि आम्ही अलिबागहून ठाण्याला आलो. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. सामान चढवायला नाक्यावरून दोन हमाल आणले होते. माझ्या सासूबाईंची लोणच्याची मोठी बरणी, आत सात वर्षं मुरलेलं लिंबाचं लोणचं. मी बजावून सांगितलं होतं की ही सांभाळून. आणि नेमका जिन्याच्या वळणावर त्यातल्या धाकट्याचा पाय सरकला. बरणी गेली. झाकण तेवढं माझ्या हातात होतं म्हणून राहिलं.

मी ठरलेल्या मजुरीतून पंधरा रुपये कापले. हे म्हणाले, "जाऊ दे गं." मी म्हटलं, का जाऊ दे? वस्तू आपली, निष्काळजीपणा त्याचा. पोरगा काही बोलला नाही. त्याने फडक्याने जिना पुसून दिला, उरलेले पैसे घेतले आणि गेला.

हा प्रसंग मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. पण अलिबागच्या शाळेत माझ्याबरोबर विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या, इस्राएल आळीतल्या. आपल्याकडे बेने इस्राएल लोकांना पूर्वी 'शनिवार तेली' म्हणत, कारण तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. त्यांचं घर त्यातलंच. पुढे त्या इस्रायलला गेल्या, आता अश्दोदला मुलाकडे असतात. अजून मराठीत फोन करतात आणि मला अगं-तुगंच करतात. दोनेक वर्षांपूर्वी बोलताबोलता बरणीचा विषय निघाला तर हसून म्हणाली, "अगं, तुझी बरणी आमच्या तालमुदात आहे! फक्त तिच्यात लोणच्याऐवजी दारू होती."

झालं. निवृत्त मास्तरीणबाईला एवढं पुरतं. नातवाने तालमुदाचं इंग्रजी भाषांतर संगणकावर उघडून दिलं. माझं सगळं शिक्षण मराठीत, त्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊन बसले. अडलं तिथे अश्दोदला फोन. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ तोरा. त्यावरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी परंपरेतून आलेले नियम रब्बी येहूदा हानासी यांनी इ. स. 200 च्या सुमारास गालीलमध्ये संकलित केले, ती मिश्ना. मिश्नावर बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुढची तीनशे वर्षं जी चर्चा झाली तिचा ग्रंथ म्हणजे बाबिलोनी तालमुद. त्यात नुकसानभरपाई, ठेवी, मजुरी, शेजारपाजार असल्या व्यवहाराच्या गोष्टींचे तीन भाग आहेत. बाबा कामा, बाबा मेत्सिया, बाबा बात्रा. त्यांचा अर्थ अगदी सोपा आहे, पहिला दरवाजा, मधला दरवाजा, शेवटचा दरवाजा. आपली बरणी मधल्या दरवाजात, 83 व्या पानावर आहे. 1520 च्या दशकात व्हेनिसमध्ये दानिएल बॉम्बेर्ग याने अख्खा तालमुद छापला तेव्हाचे पानांचे आकडे आजही जगभर तेच आहेत, त्यामुळे शोधणं सोपं जातं.

त्यांच्या कायद्याचा पाया असा. दुसऱ्याची वस्तू ज्याच्या हातात आहे तो तिचा राखणदार. असे राखणदार चार. फुकट सांभाळणारा, पैसे घेऊन सांभाळणारा, भाड्याने घेणारा आणि उसनी नेणारा. फुकट सांभाळणाऱ्याने हयगय केली तरच त्याच्यावर येतं. पैसे घेणाऱ्याकडून वस्तू चोरीला गेली, हरवली, तरी भरून द्यावी लागते. मात्र दरोडा पडला, आभाळ कोसळलं, तर तो सुटतो. उसनी नेणाऱ्यावर सगळ्यांत जास्त, कारण फायदा सगळा त्याचा. भाडेकरू कुठे बसवायचा यावर वाद आहे, पण साधारण पैसे घेणाऱ्याच्या रांगेत.

मग कारागीर आणि मजूर कुठले? मिश्ना म्हणते, सगळे कारागीर पैसे घेऊन सांभाळणारे. शिंप्याकडे कापड दिलं की ते शिवून होईपर्यंत जबाबदारी त्याची. पण "झालं तुमचं, घेऊन जा, पैसे मागाहून द्या" असं तो म्हणाला की त्या क्षणापासून तो फुकट राखणदार, जबाबदारी हलकी. "आधी पैसे आणा, मग न्या" म्हणाला तर जड जबाबदारी तशीच. एका वाक्याने केवढा फरक! रंगाऱ्याच्या कढईत लोकर जळाली तर त्याने लोकरीची किंमत द्यायची, हेही मिश्नात आहे.

आणि त्याने तिसऱ्याच कुणाचं नुकसान केलं तर? धन्याने भरायचं का? इथे एक जुना वाद नोंदलेला आहे. सदूकी पंथाचे लोक म्हणत, माझ्या बैलाने नुकसान केलं तर मी भरतो, मग माझ्या गुलामाने केलं तर का नाही? परूशी पंथाचं उत्तर असं, की बैलाला समज नाही, माणसाला आहे. मी त्याला रागावलो तर तो मुद्दाम जाऊन कुणाची गंजी पेटवेल आणि मी भरत बसायचं! उत्तर जरा धूर्त आहे, पण त्यात एक गोष्ट मान्य केलेली आहे. राबणारा माणूस बैल नाही, त्याला स्वतःचं मन आहे. म्हणून त्याच्या कृत्याचा जबाब त्याचा त्यालाच.

एक तर मला फार आवडलं. खाणीतून दगड काढणाऱ्याने तो पाथरवटाला दिला की जबाबदारी पाथरवटावर. पाथरवटाने गाढववाल्याला दिला की गाढववाल्यावर. तिथून हमालावर, हमालाकडून गवंड्यावर, शेवटी दगड जागेवर बसवणाऱ्यावर. पण भिंतीत बसवलेला दगड पडून नुकसान झालं तर? एकीकडे म्हटलंय शेवटचा जबाबदार, दुसरीकडे म्हटलंय सगळेच. मग उलगडा केला आहे की रोजंदारीवर असतील तर शेवटचा एकटा, सगळ्यांनी मिळून ठेका घेतला असेल तर सगळे. आपल्याकडे पूल पडला की ही साखळी आपण किती वर्षं शोधत बसतो!

आता रांजण. इंग्रजीत त्याला बॅरल म्हटलंय, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे लाकडी पिंप आलं. पण ते भांडं मातीचं, म्हणून फुटतं. मिश्नातला प्रश्न असा, की एकाने रांजण इकडून तिकडे नेताना फोडला तर काय? दुसऱ्या शतकातले रब्बी येहूदा म्हणतात, फुकट नेणाऱ्याने शपथ घ्यावी आणि सुटावं, पैसे घेऊन नेणाऱ्याने भरून द्यावं. सरळ आहे. मीही हेच म्हणाले असते, म्हणालेच होते. पण त्यांच्याच काळातले रब्बी मेईर म्हणतात, दोघांनीही शपथ घ्यावी, की मी मुद्दाम फोडला नाही, आणि दोघांनीही सुटावं.

पैसे घेणाऱ्यालाही ही सूट का? याचं कारण रब्बी योहानान यांच्या नावाने दिलं आहे. मूळ कायद्याने त्याने भरायलाच हवं, पण ही सूट विद्वानांनी मागाहून ठरवून दिलेली. कारण ती दिली नाही तर जगात कुणी कुणाचा रांजण उचलणारच नाही. हे वाचून मी पुस्तक, म्हणजे तो संगणक, बाजूला ठेवला. हमालाची दिवसाची कमाई केवढी, आणि दारूच्या रांजणाची किंमत केवढी! एका ठेचेत महिन्याची मजुरी जाणार असेल तर कोण खांदा देईल? दयेची गोष्टच नाही यात, साधा व्यवहार आहे. मालकालाही शेवटी ओझं उचलणारा माणूस हवाच असतो.

अर्थात डोळे मिटून सगळ्यांना सोडलंय असंही नाही. माहोझा हे तिग्रिस नदीकाठचं गजबजलेलं व्यापारी गाव. तिथल्या बाजारात एकाने रांजण भिंतीच्या पुढे आलेल्या भागावर आपटून फोडला. चौथ्या शतकातले रावा तिथले न्यायाधीश. ते म्हणाले, या बाजारात माणसांचा तुटवडा नाही, साक्षीदार आण आणि सुट. जिथे कुणी बघणारं नाही तिथेच शपथ चालते. आणि सिख्रा नावाच्या गावी तर असा नियम केला होता की खांद्यावरच्या दांड्याने नेताना रांजण फुटला तर निम्मे पैसे भरायचे. कारण ते ओझं एकाला जड आणि दोघांना हलकं. एकट्याने उचललंस ही थोडी तुझी चूक, फुटलं हा थोडा अपघात. निम्मं निम्मं.

हे सगळं झाल्यावर, प्रकरणाच्या अगदी शेवटी, ती गोष्ट येते.

रब्बा बार बार हनान नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. (काही हस्तलिखितांत हनानऐवजी हना आहे.) त्यांच्या हमालांनी दारूचा रांजण फोडला. नुकसानीपोटी त्यांनी हमालांचे झगे काढून घेतले. हमाल गेले रावकडे. राव हे सूरा इथल्या विद्यापीठाचे संस्थापक, मृत्यू इ. स. 247, त्या देशातला फार मोठा अधिकार. त्यांनी रब्बांना सांगितलं, यांचे झगे परत कर. रब्बांनी विचारलं, कायदा असं सांगतो का? राव म्हणाले, हो, आणि पुरावा म्हणून नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातलं विसावं वचन दिलं, त्याचा पहिला अर्धा, सज्जनांच्या वाटेने चालण्याविषयीचा. झगे परत मिळाले.

पण हमाल तिथून हलेनात. म्हणाले, आम्ही गरीब माणसं, दिवसभर राबलो, पोटात काही नाही आणि हातातही काही नाही. राव म्हणाले, जा, यांची मजुरी दे. रब्बांनी पुन्हा तोच प्रश्न केला, हाही कायदाच का? आणि राव पुन्हा हो म्हणाले, आणि त्याच वचनाचा दुसरा अर्धा सांगितला, न्यायी माणसांच्या वाटा धरून राहण्याविषयीचा.

गोष्ट संपली, प्रकरणही संपलं. रब्बा पुढे काय म्हणाले ते दिलेलं नाही. पुढचं प्रकरण सुरू होतं ते मजुरांच्या कामाच्या वेळांपासून आणि जेवणापासून.

मला सगळ्यांत आधी जाणवले ते झगे. हा काही आपला शर्ट नव्हे. दिवसा अंगावर आणि रात्री पांघरूण, गरिबाकडे एवढं एकच. तोराच्या निर्गम भागात, ज्या बाविसाव्या अध्यायात राखणदारांचे नियम आहेत त्याच अध्यायात सांगितलंय की कुणाचं पांघरूण तारण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, नाहीतर तो कशात झोपेल? आणि मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये हे तर दोन ठिकाणी बजावलं आहे.

झगा काढून घ्यायची रीत किती जुनी होती बघा. 1960 साली इस्रायलच्या किनाऱ्यावर, माझी मैत्रीण राहते त्या अश्दोदच्या उत्तरेला, एका पडक्या किल्ल्यात शाईने लिहिलेलं एक खापर सापडलं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातलं. कापणीच्या एका मजुराने किल्ल्याच्या अधिकाऱ्याकडे केलेला तो अर्ज आहे. त्याचं म्हणणं, माझं काम मी पुरं केलं, धान्य भरलं, तरी होशायाहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र काढून नेलं, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे साक्ष देतील, मला माझं वस्त्र परत मिळावं. त्याला ते मिळालं का, ते खापरावर नाही. सव्वीसशे वर्षं झाली, अर्ज अजून पडून आहे.

आता मुख्य मुद्दा. राव "हो, हाच कायदा" म्हणाले ते खरंच का? यावर ज्यू पंडितांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी राशी हे थोर भाष्यकार होऊन गेले. ते एका ओळीत सांगतात की हे कायद्याच्या रेषेच्या आत थांबणं आहे. म्हणजे, कायदा मला अमुक इतकं वसूल करायची मुभा देतो, पण मी ती रेषा गाठायच्या आधीच थांबायचं. मध्ययुगातल्या जर्मनीतले काही पंडित म्हणाले, मालक सधन असेल तर न्यायालयाने त्याला असं थांबायला भागही पाडावं. इतरांनी ते मानलं नाही. नंतरच्या कायद्याच्या ग्रंथांनी हमालाची जबाबदारी, शपथ, साक्षीदार हे सगळं कायम ठेवलं. रावचा निकाल सरसकट नियम झाला नाही. मला वाटतं ते बरोबरच आहे. प्रत्येक फोडणाऱ्याला मजुरी मिळायचीच असं ठरलं असतं तर रांजणवाल्यांनी काय करायचं?

पण राव सरसकट बोलतच नव्हते. ते एका माणसाला सांगत होते. ज्याला नीतिसूत्रं पाठ आहेत, ज्याच्या घरी दारूचे रांजण आहेत, अशा एका माणसाला. दुसऱ्या कुणासाठी ती मनाची थोरवी असेल. तुझ्यासाठी, या भुकेल्या माणसांसमोर, तो कायदाच. मी असं समजले.

आणि हे फक्त पैसेवाल्यालाच लागू असंही नाही. गालीलकडच्या, म्हणजे यरुशलेमी म्हटल्या जाणाऱ्या तालमुदात हीच गोष्ट वेगळ्या माणसांची आहे. तिथे मालक नहेम्या नावाचा कुंभार आहे, रब्बी असला तरी कुंभार. त्याची मडकी वाहणाऱ्याने फोडली, त्याने झगा घेतला. त्या हमालाला रब्बी योसे बार हनिना यांनी तेच वचन शिकवून परत पाठवलं. झगा मिळाला. मग विचारलं, मजुरी दिली का? नाही म्हटल्यावर उरलेला अर्धा शिकवून पुन्हा धाडलं. स्वतः मडकी घडवणाऱ्याला मडकं फुटण्याचं दुःख जास्त कळणार. तरी त्यालाही सांगितलं.

याच मधल्या दरवाजात थोडं मागे, तिसाव्या पानावर, रब्बी योहानान यांचंच एक मत आहे, की यरुशलेम उद्ध्वस्त झालं ते तिथले लोक अगदी कायद्याप्रमाणे न्याय करत होते म्हणून. कायद्याच्या आत थांबायला कुणी तयार नव्हतं. इतिहास शिकवताना मी रोमन सैन्य, टायटस, इ. स. 70 एवढंच शिकवलं होतं.

जाता जाता, शिक्षकमंडळींसाठी एक. याच ग्रंथात पुढे रावा सांगतात की काही कामकऱ्यांना चूक झाल्यास पूर्वसूचना न देता काढता येतं, कारण त्यांचं नुकसान भरून येत नाही. त्यात बागेत कलमं लावणारा माळी आहे, खाटीक आहे, रक्त काढणारा वैदू आहे, आणि यादीत लहान मुलांचा मास्तरही आहे! मुलाच्या डोक्यात चुकीचं गेलं की गेलं, ते काढता येत नाही. पस्तीस वर्षं नोकरी केली मी. किती चुका शिकवल्या असतील. माझ्या पगारातून कुणी पंधरा रुपये कापले नाहीत.

असो. सुनेला मी हे सगळं सांगितलं तेव्हा मुलगा शेजारी बसला होता. गेल्याच महिन्यात फ्रिज चढवणाऱ्या पोराने आमच्या नव्या फरशीचा टवका उडवला आणि मुलाने त्याचे पैसे अडवले होते. मी म्हटलं, देऊन टाक. तो म्हणाला, "आई, तुझे राव ठीक आहेत, पण असं सगळ्यांना सोडलं तर काळजी कोण घेणार?" त्याचं चूक नाही. रब्बी येहूदांचंही तेच म्हणणं होतं. मी त्याला एवढंच विचारलं की तो पोरगा जेवला होता का, हे तू विचारलंस का. तो गप्प बसला. मग म्हणाला, "तू तरी विचारलं होतंस का?"

नव्हतं विचारलं. सकाळी नऊला आलेली ती दोन पोरं चार वाजेपर्यंत राबत होती आणि घरात चूलही पेटलेली नव्हती. आम्ही स्वतः बाहेरून वडापाव आणून खाल्ले होते. त्यांना पाणी दिल्याचं आठवतं. वडापाव दिल्याचं आठवत नाही.

मुलाने दुसऱ्या दिवशी फ्रिजवाल्या पोराचे पैसे दिले, फरशीचे निम्मे कापून. सिख्राच्या हिशोबाने, म्हणाला. मी काही बोलले नाही. माझ्या पंधरा रुपयांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. त्या मुलाचं नावही मी विचारलं नव्हतं, आता तो साठीच्या पुढचा असेल. वन्सं, तुम्ही त्या दिवशी सामान लावायला आला होतात. त्यांना खायला दिलं होतं का आपण? तुम्हाला आठवत असेल तर जरूर कळवा. झाकण पुन्हा माळ्यावर ठेवलं आहे.